आईनं मारलेली गाडी

माझ्या दुकानात जुनी गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट ऐकवायचो. गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं, चहा आला, की त्याच्या गाडीचं बॉनेट उचलता उचलता माझी सुरुवात व्हायची. "पावणं, आमच्या आईनं एक गाडी मारली. कशानं, सांगा बघू." कुणी म्हणायचं झाडाला धडकवली असेल, कुणी म्हणायचं पेट्रोलच्या जागी डिझेल घातलं असेल. मी नुसती मान हलवायचो आणि मग सावकाश सांगायचो, "नारळाच्या पाण्यानं." कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं मला पाठ होतं. वीस-बावीस वर्षं मी ही गोष्ट सांगितली. आई असताना तिच्यासमोर सांगितली, ती गेल्यावरही सांगितली. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेवढं एकदा लिहून ठेवतो.

माझं दुकान उचगावात, रस्त्याला लागून आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. नव्या गाड्यांत माझ्यासारख्यानं हात घालावा अशी जागाच ठेवलेली नाही. कॉम्प्युटर जोडायचा आणि तो सांगेल तो डबा बदलायचा. पण कोल्हापुरात जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारी हौशी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्या गाड्यांना ठिणगी कुठून मिळते हे कळणारे माझ्यासारखे थोडेच उरलेत. म्हणून माझं बरं चाललंय.

जुन्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली तर ती गाडी, नाही तर नुसतं लोखंड. ती ठिणगी वेळेवर चारी सिलिंडरना वाटून देणारं, पाणी प्यायच्या पेल्याएवढं यंत्र म्हणजे डिस्ट्रिब्युटर. वर काळं टोपण आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन टिकल्या. त्यांना आम्ही पॉइंट म्हणतो. त्या एकमेकींना चिकटतात आणि सुटतात. सुटल्या की ठिणगी. या टिकल्या काजळल्या, किंवा त्यांच्याकडं येणारी तांब्याची वायर कळकली, की खेळ खलास. कळकणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की हिरवं होतं, तेच. पॉइंट घासायला लोक पॉलिश पेपर घेतात. माझ्या दुकानात तो घेतलेला मला खपत नाही, त्याची वाळू टिकलीत रुतून बसते. बारीक कानस घ्यायची, चार हलके हात मारायचे, पेट्रोलच्या चिंधीनं पुसायचं, आणि शेवटी एक कोरं कार्ड दोन टिकल्यांमधून ओढून काढायचं. कार्ड स्वच्छ निघालं की काम झालं. हे सगळं मी लोकांना तावातावानं सांगतो. लोक म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. ते ऐकून मला पूर्वी बरं वाटायचं.

गोष्टीतली गाडी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गोल दिव्यांची, सायीच्या रंगाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली गाडी. आबा ती भाड्यानं चालवायचे. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, आणि दर आठवड्याला काजूसाठी चंदगडला जाणारे एक व्यापारी हे त्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक. गाडीत बसताना आबा चपला काढून सीटखाली सरकवायचे आणि अनवाणी पायानं गाडी चालवायचे. आई त्या गाडीत वर्षातून एकदाच बसायची. खंडेनवमीला पूजा झाली की आबा तिला पुढच्या सीटवर बसवून अंबाबाईला नेऊन आणायचे. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसायची, काच खाली करायची आणि कोपर खिडकीबाहेर काढून बसायची. गल्लीच्या तोंडाशी कुणी ओळखीचं दिसलं तर मुद्दाम त्याच्याकडं बघायची नाही.

पूजाही तीच करायची. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांना हळदी-कुंकू लागतं, आणि आई कशालाच सोडायची नाही. कोयता, विळी, शिलाई मशीन, मिक्सर, माझा टेस्टर. गाडीची पूजा तर बॉनेट उघडून व्हायची. बॅटरी, रेडिएटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, ज्याला त्याला दोन दोन बोटं. मग आबा नारळ फोडायचे, आई त्याचं पाणी वाटीत धरायची आणि ते इंजिनावर ओतायची. बंपरवर शिंपडून भागवलेलं तिला चालायचं नाही. "पोटात गेलं पायजे," म्हणायची. तिच्या लेखी गाडीही घरातलं जेवणारं माणूस होती.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी आयटीआय संपवून बाहेर पडलो होतो. दुकान टाकायचं ठरत होतं, आणि त्याआधी चार लोकांना दाखवायला हातचं एक काम पाहिजे होतं. आबांची गाडी दारातच होती. बॅटरीची वीज ठिणगीपुरती वाढवणाऱ्या कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतच्या सगळ्या वायरी मी नव्यानं बांधल्या. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटला जाणारी बोटभर लवचिक वायर असते, ती तुटायला आली होती. तशी नवी कुठं मिळेना, म्हणून तिला मी सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे, टाके मारून जोडली. कॉइलच्या दोन टोकांनाही तसेच टाके मारले. टाके असे चकचकीत बसले की आबांनी शेजारच्या दोघांना बोलावून बॉनेटखाली वाकायला लावलं. "पोरानं मारल्यात," म्हणाले. पुढं महिन्याभरात खंडेनवमी आली, आईनं नेहमीसारखी पूजा केली, नेहमीसारखं पाणी ओतलं. त्यानंतर लगेच मी दुकान उघडलं.

पुढच्या पावसाळ्यात गाडी चंदगडहून येताना बंद पडली. तिकडचा पाऊस म्हणजे चार चार दिवस डोकं वर काढू देत नाही. काजूवाले व्यापारी दोन तास गाडीत बसले, मग छत्री उघडून खाली उतरले आणि मागून आलेल्या एसटीला हात करून निघून गेले. आबा रात्रभर गाडीतच राहिले. दुसऱ्या दिवशी ट्रकच्या मागं बांधून गाडी माझ्या दुकानासमोर आणली. मी टोपण काढलं. आत पॉइंटच्या वायरीवर हिरवा पापुद्रा चढला होता, कॉइलच्या टोकांवरही तोच. टोपणावर बाहेरून पिवळा चिकट थर होता, हळदीचा. मला कोडं सुटल्याचा असा काही आनंद झाला की बास.

तेवढ्यात आई माझं जेवण घेऊन आली. दुकानात तेव्हा चार-पाच माणसं होती, नव्या दुकानाची नवी गिऱ्हाइकं. मी ती हिरवी वायर पकडीत धरून तिच्यापुढं नाचवली.

"आई, तूच मारलीस बघ गाडी."

"मी? मी काय केलं?"

"नारळाचं पाणी. मीठ असतंय त्यात, साखर असतीय. सगळं कळकून गेलंय आतनं."

"वाटीभर तर पाणी हुतं रे," ती म्हणाली. "दरसाली घालतोय की आपण."

"दरसाली घालतीस म्हणून तर मुरलं."

"देवाचं म्हणून घातलं."

"देवाला काय कळतंय वायरिंगातलं?"

माणसं मोठ्यानं हसली. मीही हसलो. आईनं डबा बाकड्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि निघून गेली. आबा गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्या हसण्यानं मला किती फायदा झाला हे मी नंतर हिशेबात धरलं: नवीन पोरगं, पण एका नजरेत दोष ओळखला, असं ती माणसं बाहेर सांगत सुटली. गोष्टीचा जन्म तिथं झाला.

मी पॉइंट बदलले, हिरवं खरवडून वायर चकचकीत करून पुन्हा बसवली. गाडी सुरू झाली. पण दोन-तीन महिने गेले की पुन्हा अडखळायला लागायची, आणि पावसाळ्यात तर हमखास दगा द्यायची. दरवेळी मी उघडायचो, खरवडायचो आणि म्हणायचो, "मुरलंय ते. आता निघायचं न्हाय." बाकी सगळ्यांच्या गाडीत मी प्रत्येक जोड हातानं ओढून बघायचो. या गाडीत माझेच जोड होते, ते कशाला बघायचे? काजूवाल्यांनी दुसरी गाडी धरली. वऱ्हाडवाले विचारायला लागले, रस्त्यात सोडणार नाही ना. वर्षभर ओढाताण करून आबांनी गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि एका दूध डेअरीच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जायला लागले. तिथं ते चपला घालूनच गाडी चालवायचे.

आई त्या दिवसानंतर गाडीत कधी बसली नाही. गाडी अधूनमधून चालत होती तेव्हाही नाही. पुढं माझं लग्न झालं, मी मोटारसायकल घेतली, दुकान वाढलं, खंडेनवमी दरवर्षी येत राहिली. आई ताट तयार करायची, निरांजन लावायची, आणि ताट माझ्या बायकोच्या हातात द्यायची. "तू लाव बाई. माझा हात लागला की बंद पडतंय." सगळे हसायचे. ती स्वतःही हसायची, म्हणून मला वाटायचं तिनं ते गमतीत घेतलंय. दुकानातल्या पूजेला ती रस्त्याच्या कडेला उभी राहून लांबून हात जोडायची. नारळाचं पाणी आम्ही पोरांना प्यायला देऊ लागलो.

आणि मी गोष्ट सांगत राहिलो. गिऱ्हाईक असलं आणि आई डबा घेऊन आली की मला चेव यायचा. "ह्या बघा, ह्याच त्या." ती म्हणायची, "व्हय बाबा, मीच ती." मग डबा ठेवून आतल्या खोलीत जायची, जिथं आम्ही बॅटऱ्या ठेवतो. तिथं तिचं काही काम नसायचं. हे मला त्या वेळी दिसत होतं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

एकच गोष्ट मला कळायची नाही. आबा ती गाडी विकत नव्हते. मी मागं लागायचो, शेड अडलीय, भंगारवाला दारात येतोय, हौशी लोक चांगली किंमत करतायत. आबा म्हणायचे, "असू दे. खातीय काय ती?" म्हातारपणी माणसाचा जीव अडकतो एखाद्या वस्तूत, असं मी धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. साधा ताप म्हणून नेलं, चार दिवस दवाखान्यात होती, आणि संपलं. शेवटी तिला आणायला मी गेलो तो भाड्याच्या गाडीनं.

गेल्या पावसाळ्यात शेडचा पत्रा फुटला आणि पाणी थेट गाडीच्या टपावर गळायला लागलं. पत्रे बदलायचे तर गाडी हलवायला हवी. ढकलून हलवली असती तरी चाललं असतं, पण मला स्वतःचीच लाज वाटली. परगावचे लोक कुरिअरनं डिस्ट्रिब्युटर पाठवतात माझ्याकडं, आणि घरची गाडी मी ढकलणार? म्हटलं, पेटवूनच बाहेर काढू. पाऊस उघडल्यावर एका रविवारी सकाळी हत्यारं घेऊन शेडमध्ये गेलो. आबा आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांनी खुर्ची शेडच्या दारात आणायला लावली आणि तंबाखूची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढलं, घरातून जुनी परात आणली आणि त्यात एकेक भाग मांडला. वीस वर्षांचा गंज म्हणजे घाई करून चालत नाही. टोपणाच्या कड्या तुटायला आल्या होत्या, त्यांना तेल पाजून अर्धा तास सोडलं. टोपणावर हळदीचा तोच पिवळा थर होता. माझ्या गोष्टीतला मुख्य आरोपी. मी ओला फडका घेतला आणि पुसला. एका हातात निघाला. खाली टोपण काळंकुळकुळीत, एक ओरखडा नाही. आत पाहिलं, पितळेचे चारी खुंट धड होते, वरचा रंग गेला होता तेवढंच. आत थेंबभर पाणी कधी गेल्याची खूण नव्हती. मग कॉइल घेतली. आई कॉइलवर सगळ्यात जास्त कुंकू लावायची, कारण ती उभी असते आणि देवासारखी दिसते. कुंकवाखालचा नटसुद्धा पिवळाधमक निघाला. मी जरा थांबलो. मग हिरवं कुठं कुठं आहे ते नीट बघायला लागलो.

हिरवं तीनच ठिकाणी होतं. पॉइंटच्या बोटभर वायरीवर आणि कॉइलच्या दोन टोकांवर. जिथं माझा टाका, तिथंच. टाक्यापासून सुरू होऊन ते वायरीच्या रबराखाली सरकत गेलं होतं. मी रबर चिरलं तर आत तांब्याची तार नव्हतीच, हिरवट भुगा होता. बाहेरून खरवडून मी वायर चकचकीत करायचो आणि ती आतून खात चालली होती.

ताप दिलेली इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, मी त्या टाक्याला लावली. टाका वितळला आणि पांढरा धूर निघाला. तो वास मला पाचवी-सहावीपासून माहीत होता. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, तापलेलं पातेलं, कापसाच्या बोळ्यावर चिमूटभर नवसागर, भसकन पांढरा धूर, आणि कथील आरशासारखं पसरायचं. मी शाळा बुडवून तिथं बसायचो. आयटीआयत आम्हाला बजावून सांगितलं होतं की विजेच्या वायरीला सोल्डर करताना ते धरावं म्हणून फक्त राळ वापरायची. पण आबांच्या गाडीची ती वायर जुनी, काळी पडलेली. राळेनं सोल्डर धरेना, गोळी होऊन खाली पडत होतं. मला दम नव्हता. मी वाण्याच्या दुकानातून नवसागर आणला, कल्हईवाल्यासारखा फिरवला, आणि टाका झळकन बसला. नवसागर मागं राहिला तर तांबं खातो. कल्हईवाला म्हणूनच भांडं लगेच पाण्यात बुडवायचा. ते चुर्र मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्यात भांडं धुतलं जातं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी टाके मारले, हात पुसले आणि रबर चढवून ते तसेच बंद केले.

तरीही माझ्यातला वकील मरत नव्हता. म्हटलं, वास डोक्यातला असेल. टाक्याखालचे पांढरट-हिरवे कण मी तळहातावर काढले आणि आबांकडं गेलो.

"आबा, जरा चुना द्या."

आबांनी माझ्या तळहाताकडं बघितलं. मग पिशवीतनं चुन्याची डबी काढून दिली. मी बोटभर चुना त्या कणांत कालवला, चोळला आणि नाकाशी नेला. डोळ्यांत खाडकन पाणी आलं. सर्दी झाली की लहानपणी आई मला नवसागर आणि चुना चोळून हुंगायला द्यायची, हाच वास. नारळाच्या पाण्याला असा वास मारत नाही.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. माणसाला लाज वाटते तेव्हा तो बोलत सुटतो, तसा मी बोलत सुटलो. राळ, नवसागर, धुतलं नाही, रबराखाली मुरलं. आईचा काही संबंध नव्हता, एक टक्का नव्हता. तुमचं गिऱ्हाईक माझ्यामुळं तुटलं, तुम्ही टेम्पोवर माझ्यामुळं गेलात. मी तिला चार लोकांत हसलो, आणि त्याच हसण्यावर माझं दुकान उभं राहिलं. आता तिला सांगायला ती नाही.

आबा ऐकत होते. तंबाखू मळायची थांबली नव्हती. माझं संपल्यावर म्हणाले, "ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"नवसागरचं. वडगावचा मिस्त्री बोलला हुता."

मला आधी समजेचना. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. गाडी शेडमध्ये लावली त्याच वर्षी पेठ वडगावचे एक म्हातारे मिस्त्री गाडी विकत घ्यायला आले होते. मी दुकानात होतो. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, आत नखानं खरवडलं, जिभेला लावून थुंकले आणि म्हणाले, "नवसागरचा टाका हाय ह्यो. कुण्या गाढवानं मारलाय?" आई चहाचे कप घेऊन तिथंच उभी होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं, गाडी द्यायची न्हाय."

"का?"

"नेली असती तर वडगावच्या बाजारात चार जणांस्नी दाखवला असता की टाका. ह्यो कुणाचा, त्याचं दुकान कुठलं, सगळं निघालं असतं."

एवढ्यासाठी गाडी वीस वर्षं शेडमध्ये होती. मी त्यांना दरवर्षी भंगारवाल्याचा भाव सांगत होतो.

ती गाडी मी नंतर सुरू केली. सोड्याच्या पाण्यानं सगळं धुतलं, उन्हात वाळवलं, बोटभर वायर नवी करून राळेनं जोडली. दुसऱ्या सेल्फला पेटली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या सकाळी मात्र मी आबांना तिथल्या तिथं आणखी एक विचारलं. आईला सगळं ठाऊक होतं, तर पूजेचं ताट ती दरवर्षी दुसऱ्याच्या हातात का द्यायची? माझा हात लागला की बंद पडतंय, असं का म्हणायची?

"लावलं असतं तर तू इचारलं असतंस की, आता भ्या वाटत न्हाय का म्हणून," आबा म्हणाले. "तुला संशय यायला नगो म्हणून."

"मला सांगायचं होतंत तुम्ही. मी काय मेलो असतो?"

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"मी सांगणारच हुतो. मिस्त्री आला त्याच दिशी सांजच्याला तुझ्या दुकानाकडं निघालो बी हुतो. तिनं दारातच आडवलं. म्हणाली, आत्ता कुठं चार गिऱ्हाइकं लागल्याती त्याला, काय बोलू नगा. माझ्यावरच असू दे म्हणाली. माझं कुठं दुकान हाय?"